पडद्यामागचा खोकला

ती. सौ. ताईंना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, इतक्या लांबून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या खेपेला फोनवर राहूनच गेलं (तुम्ही सांगत होतात, पण तुमच्या बंधूंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला). भाऊजींची जळजळ थांबली असेल. दुकानात गर्दी असेल. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; पुढचं वाचताना हे वाक्य फार मनावर घेऊ नका.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर हे माझ्या शेजारी उभे राहतात आणि ‘मजेत आहोत’ एवढंच सांग, असे ओठ हलवतात. निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, त्याचं तिथे मन लागतंय का ते खरं खरं कळव, आणि नसेल लागत तर गोडीगुलाबीनं परत घेऊन ये. मी मान डोलावली होती. आईविना पोर तुम्ही वाढवलंत, तुमच्यापुढे मान डोलावण्याखेरीज दुसरं काय करणार? तेव्हा त्या मान डोलावण्याला जागून सगळं लिहिते आहे. (मध्येच अक्षर बदललेलं दिसलं तर मी उठून दुसरीकडे जाऊन बसले असं समजा. हल्ली एका जागी बसवत नाही. सुरुवात ओट्यापाशी केली होती, आता जिन्यात आहे.)

आधी माझंच सांगते. घर म्हणजे दोन खोल्या, मालकीणबाईंच्या डोक्यावर. दिव्यांची बटणं इथे खोलीच्या बाहेर असतात. का, ते कुणी सांगत नाही. आपण आत अंघोळ करत असतो आणि बाहेरून जाणारा भला माणूस वीज वाचवून जातो. मग अंधारात साबण शोधायचा. हा भला माणूस म्हणजे बहुतेक वेळा तुमचे बंधू. ते कामावर गेले की घर असं शांत होतं की मला माझ्याच चपलांचा आवाज सोबतीला लागतो. पहिल्या आठवड्यात मी पलंग खिडकीखाली नेला, मग भिंतीशी, मग दाराशी, मग परत खिडकीखाली. आता पलंगाला छत तेवढं माहीत नाही. बिचारे हे दमून येतात आणि सवयीनं काल खुर्ची होती तिथे बसायला जातात. पलंग ओढला की खालून मालकीणबाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या. मला वाटायचं, इथली बोलवायची पद्धत असेल, म्हणून मीही वरून पायानं ठोकून उत्तर द्यायची. पुष्कळ दिवस आमचा हा संवाद चालला. मग त्या एकदा वर आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ती पद्धत नव्हती.

पण बाई मनानं चांगल्या. जन्मभर नाटकगृहाच्या खिडकीत बसून तिकिटं विकली, त्यामुळे अजूनही दार वीतभरच उघडून, त्यातून मोठ्यांदा बोलतात. त्या बाजाराला निघाल्या की मी मागे लागायची. घरात बसवत नव्हतं, दुसरं काय. वाटेत त्या छत्रीच्या टोकानं दुकानांवरच्या पाट्या दाखवत आणि मोठ्यानं वाचत. इथली लिपी म्हणजे, ताई, बसलेल्या मांजरांचा कळपच. शेपटी डावीकडे वळली तर एक अक्षर, उजवीकडे वळली तर दुसरं, आणि मांजर आडवं झालं तर तिसरं. पण पाट्यांवरून मला ती येऊ लागली. भाषाही आली, मात्र पाट्यांपुरतीच. ‘ढकला’, ‘ओढा’, ‘ओली फरशी, जपून चाला’, ‘पुढे काम चालू आहे’. एकदा खालच्या शिंपिणीनं मला कशी आहेस असं विचारलं. उत्तर तर द्यायला हवं, म्हणून मी म्हणाले, ‘दुरुस्तीसाठी बंद’. तेव्हापासून ती मला दिसली की आधी हसते आणि मग खुर्ची देते.

आता तुमच्या बंधूंकडे येते. (पुन्हा जागा बदलली. जिन्यात वारा फार.)

भाऊजींच्या दुकानात हे चष्म्याचे नंबर काढायचे तेव्हा तक्ता त्यांना पाठ होता. गिऱ्हाईक अडखळलं की यांच्या बोटांत काच आधीच तयार. इथलं दुकान मोठं, काचेच्या कपाटांचं, मालक टापटिपीचे आणि कमी बोलणारे. ते आणि हे एका तिसऱ्याच भाषेत बोलतात, जी दोघांनाही येत नाही. कामावर ठेवताना मालकांनी विचारलं, इथली अक्षरं येतात ना? आणि यांनी, तुम्हाला माहीतच आहे स्वभाव, मान हलवली. ती मान हो म्हणणारी होती की ऐकलं म्हणणारी, हे त्यांनाही आज सांगता येत नाही. मालकांनी ती हो समजली. नंबर काढायचं यंत्र असल्यामुळे सुरुवातीला निभावलं. मग ते यंत्र बिघडून कारखान्यात गेलं आणि तुमचे बंधू त्या मांजरांच्या तक्त्यासमोर एकटे पडले.

मला हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसायचं की जेवताना मिठाची वाटी ताटाच्या डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे चालली आहे, घास मात्र जागचा हलत नाही. काय झालं विचारलं की ‘काही नाही’. म्हणून एक दिवस डबा विसरल्याचं निमित्त करून (डबा मीच पिशवीतून काढून ठेवला होता) दुकानात गेले. आत तपासणीची खोली, तिला जाड पडदा. फटीतून पाहिलं तर एक जाडजूड बाई काचा बदलून बघायची ती जड फ्रेम नाकावर चढवून तक्ता वाचत होत्या. तक्त्यावर होतं एक, त्या वाचत होत्या भलतंच. मला पाट्यांवरून जेवढं येत होतं तेवढ्यावरूनही कळलं की त्यांची एक ओळसुद्धा बरोबर नाही. आणि तुमचे बंधू प्रत्येक अक्षराला इतक्या मायेनं ‘छान’ म्हणत होते की मलाच गहिवरून आलं. बाई खूश. आजवर त्यांना कुणी छान म्हटलं नसावं. त्यांचा जुना नंबर यांनी चक्क कमी केला.

असं कितीतरी दिवस चाललं होतं. गावात यांचं नाव झालं होतं. यांच्याकडे गेलं की डोळे सुधारतात, अशी ख्याती. लोक दुसऱ्या दुकानांतून येऊ लागले. मालक यांच्याकडे कौतुकानं बघत होते आणि त्या कौतुकानं हे आतून वाळत चालले होते.

घरी आल्यावर मी म्हटलं, मी शिकवते अक्षरं. मग जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही. मी काय बालवाडीतला आहे का, इथपासून सुरू झालं आणि मी पलंग हलवते इथपर्यंत आलं. मग बरेच दिवस आम्ही फक्त दिव्याच्या बटणांवरून एकमेकांशी बोलत होतो. शेवटी तोड मीच काढली. अक्षरं शिकायची नसतील तर नका शिकू, मी पडद्यामागे बसते. गिऱ्हाईक चुकलं की मी एकदा खोकेन. बरोबर असलं की गप्प. मालकांना त्यांच्या त्या तिसऱ्या भाषेत यांनी सांगितलं की बायकोला घरी करमत नाही, ती फुकट काचा पुसेल. यातलं निदान पहिलं अर्धं तरी खरं होतं.

ताई, काही दिवस काम असं झकास चाललं की काय सांगू. मी स्टुलावर, मांडीवर फ्रेमांचा ट्रे, हातात मऊ फडकं, कान गिऱ्हाइकाकडे आणि एक डोळा फटीतून तक्त्यावर. नंबर बरोबर निघू लागले. हे पूर्वीसारखे दोन बोटांत काच फिरवू लागले. मिठाची वाटी जागेवर राहू लागली. पण मग हवा पालटली आणि मला खराखुरा खोकला झाला. एक तरणीताठी मुलगी, नजर घारीची, नुसता शोभेचा चष्मा घ्यायला आलेली. ती शेवटची ओळ धडाधडा वाचत होती, आणि माझ्या घशात अशी खवखव सुटली की प्रत्येक अक्षराला खोकला. यांनी जाड काच लावली. ती वाचतेय, मी खोकतेय, हे आणखी जाड काच लावतायत. शेवटी तिला समोरची भिंतही दिसेना. मी फडकं तोंडात कोंबलं तेव्हा कुठे तिची सुटका झाली.

ते निभावलं, पण पुढचं गिऱ्हाईक निघाले छातीचे डॉक्टर. ते वाचत, मी खोकत. तिसऱ्या खोकल्याला त्यांनी वाचणं थांबवलं, ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून पडदा सारला आणि माझ्यासमोर येऊन जीभ बाहेर काढायला सांगितलं. मी काढली. पाठीवर बोटं आपटून ऐकलं. केव्हापासून, असं विचारलं असावं. मी घाबरून तोंडात येईल ते म्हणाले, आणि तोंडात आलं ‘मागे उभे राहू नये’. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बाहेर जाऊन मालकांना सांगितलं की ही बाई दुकानात नको, हिला घरी विश्रांती हवी. मालकांनी स्वतः मला छत्री देऊन दारापर्यंत सोडलं. एवढ्या अदबीनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

मी घरी पडून असताना (पडून म्हणजे पलंग हलवायचं त्राण नव्हतं) एक बसचालक दुकानात आला. त्याच्या डेपोला त्याची नजर ठीक असल्याचा दाखला हवा होता. तो वाचत गेला, पडद्यामागे कुणी खोकलं नाही, आणि हे जुन्या सवयीनं छान छान म्हणत गेले. दाखल्यावर सही झाली.

आता मालकीणबाईंचं ऐका. दोन-चार दिवसांनी त्या तणतणत वर आल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून, हातवारे करून त्यांनी जे सांगितलं ते असं: त्या थांब्यावर लाल छत्री हलवत उभ्या होत्या, बस त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली. आणि थोडं पुढे जाऊन टपालपेटीसमोर थांबली. चालकानं दार उघडलं. टपालपेटी चढेना म्हणून त्यानं जरा वाट पाहिली, मग तिला काहीतरी विचारलं आणि दार लावून गेला. मला हसू आवरेना. मी यांच्याकडे पाहिलं तर हातातला घास तसाच, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

बाई खाली गेल्यावर यांनी तो दाखला, ती सही, सगळं सांगितलं. मी म्हटलं, चला, आपण परत जाऊ. तुमची शपथ, ताई, मनापासून म्हटलं. आजच्या आज निघू, दुकानाला काही कळायच्या आत. मी खरंच बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. हे दाराशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, “आणि त्या बसमध्ये बसलेल्या लोकांना काय सांगायचं?”

माझ्या हातात त्यांचाच सदरा होता. मी त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. 

हे खाली गेले ते थेट मालकीणबाईंच्या त्या वीतभर उघड्या दाराशी. ज्या माणसाला बायकोकडून एक अक्षर शिकणं जड गेलं होतं, तो घरमालकिणीच्या दारात उभा राहून ‘मी चुकलो’ याला इथे काय म्हणतात ते विचारत होता. खुणांनी विचारायला किती वेळ लागला असेल, कल्पना करा. छातीवर हात, मग कानाला हात, मग डोळ्यांकडे बोट. बाईंना आधी वाटलं, यांचं डोकं दुखतंय. मग त्यांना उमगलं. त्यांनी ते वाक्य सांगितलं, यांनी म्हटलं, त्यांनी दुरुस्त केलं, यांनी पुन्हा म्हटलं. थांब्यापर्यंत हे तेच पुटपुटत होते. मी मागे, माझ्यामागे बाई, छत्रीसकट. बस आली. थांबते की नाही म्हणून आम्ही तिघं टपालपेटीजवळच उभे राहिलो होतो. थांबली.

चढलो. हे चालकाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि ऐन वेळी वाक्य विसरले.  बस चालू झाली, वेग आला. मी पुढे झाले. मला बोलता येत होतं ते काय? पाट्या. समोरच पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’, ती मी घाईत मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, धोका. मग म्हणाले, पुढे काम चालू आहे. मग म्हणाले, थांबा. ताई, चालकाला सांगायला याहून योग्य शब्द जगात नसतील. त्यानं जोरात ब्रेक लावला. सगळे प्रवासी पुढे आले, मागे गेले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले. रस्ता स्वच्छ, कुठे खड्डासुद्धा नाही.

आणि त्या शांततेत यांना आठवलं. हळू, पण नीट म्हणाले, “मी चुकलो. तुमचे डोळे मी बरोबर तपासले नाहीत.” दुसरं वाक्य बाईंनी कधी शिकवलं, देव जाणे.

चालक चिडेल असं वाटलं होतं. वयानं भाऊजींएवढा माणूस, रुंद खांदे. त्यानं इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिला. मग जे बोलला त्यातलं थोडं मला तेव्हा कळलं, उरलेलं बाईंनी घरी गेल्यावर पुन्हा पुन्हा सांगून समजावलं. त्याला त्या खोलीत खालच्या ओळी दिसल्याच नव्हत्या. मनानंच अक्षरं रचून सांगितली होती. तपासणारा छान म्हणतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, याला सगळं कळलंय आणि याला आपल्या पोटाची दया आलीय. म्हणाला, “तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात असं मी समजत होतो. म्हणून भीती वाटूनही चालवत होतो.” इतके दिवस तो यांच्या दयेच्या ओझ्याखाली होता, आणि यांनी दया केलीच नव्हती.

डेपोतून दुसरा चालक आला. प्रवासी आमच्यावर डाफरत उतरले आणि बाईंनी सगळ्यांना छत्रीनं रांगेत उभं केलं. चालकाला मध्ये घेऊन आम्ही पायी दुकानात गेलो. यांनी मालकांना सगळं सांगितलं, त्या तिसऱ्या भाषेत नव्हे, बाईंनी शिकवलेल्या त्याच दोन वाक्यांत. मालक खुर्चीत बसले. मग उठले. मग माझ्याकडे बघून एकदा खोकले, मुद्दाम. मी मान खाली घातली. ते खूप रागावले, ताई, आवाज न चढवता रागावले, त्यामुळे जास्त लागलं. यंत्र येईपर्यंत यांनी कुणाचे डोळे तपासायचे नाहीत, ते मालकच तपासतील, आणि आजवर तपासलेल्या एकेकाला पुन्हा तपासणीसाठी बोलावून आणायचं, घरी जाऊन बोलवावं लागलं तरी. आम्ही दारोदार फिरलो. छान म्हटलेल्या माणसाला छान नव्हतं असं सांगणं किती अवघड असतं, ते त्या जाडजूड बाईंच्या दारात कळलं. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आपणहून आल्या.

चालकाला जाड काचांचा चष्मा मिळाला, डेपोनं पुन्हा तपासून त्याला कामावर घेतलं. आता तो मालकीणबाई नुसत्या खिडकीत दिसल्या तरी बस थांबवतो आणि त्यांना कुठे जायचं नसलं तरी जावं लागतं.

आणि तुमचे बंधू रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात. मी काठीनं अक्षर दाखवते, ते मोठ्यानं वाचतात, मालक काउंटरवरून ऐकतात. डावी शेपटी आणि उजवी शेपटी यात अजून गल्लत होते. चुकले की मी खोकत नाही, सरळ ‘चूक’ म्हणते. ते ऐकून घेतात.

तर ताई, असं आहे इथलं सगळं. दिवे बाहेर, अक्षरं वाकडी, माणसं अनोळखी. अशा ठिकाणी आपल्या माणसाचं मन कसं रमावं, तुम्हीच सांगा. माझा तर पाय ठरत नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा येऊ. भाऊजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवा.

तुमची,
जिन्यातून उठून परत ओट्यापाशी आलेली
भावजय

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहिते आहे. मालकांनी काल यांना विचारलं, कायमचे राहता का? हे म्हणाले, ताईला विचारून सांगतो. रविवारी फोन करतील. आडून आडून विचारतील, आधी हवेबद्दल बोलतील. तेव्हा, ताई, एवढं माझं ऐका, ‘ये’ म्हणू नका. तुम्ही ये म्हणालात तर हे त्याच दिवशी बॅग भरतील आणि मग जन्मभर कुणाच्या तरी पडद्याआड बसून राहतील. त्यांना ‘राहा’ म्हणा. रागावून म्हणा, म्हणजे त्यांना घरच्यासारखं वाटेल. मी वर काय काय लिहिलंय ते खरं आहे, पण त्यातलं शेवटचं नाही. पलंग बरेच दिवस झाले खिडकीखालीच आहे.

ता. क. दुसरा. तुमच्याच्यानं ‘राहा’ म्हणवणार नाही, हे मला ठाऊक आहे. आवाज भरून येईल आणि यांना सगळं कळेल. तसं झालं तर काही न बोलता फोन भाऊजींकडे द्या. ते नेहमीसारखं म्हणतील, तुझ्याच्यानं तिथे काही व्हायचं नाही, मुकाट्यानं परत ये. तेवढं पुरे आहे. मग हे इथून हलायचे नाहीत. फक्त भाऊजींना आधी काही पढवू नका. त्यांना मनापासून बोलू द्या.